कॅमेरा वेगवान आहे हो, पण घाई कोणाला आहे?

गेला विकांत वर्ध्यात घालवला. आईला वाटलं पोरगा भेटायला आला. शनिवारी सकाळी सातला मी चहा अर्धा टाकून ट्रायपॉड उचलला तेव्हा तिला खरं कारण कळलं. असो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. शाळेतले आम्ही नऊ जण आता पुण्या-बंगळुरात कीबोर्ड बडवतो. पुलगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेला सूर्य बघायचं साहित्य द्यायचं म्हणून आम्ही वर्गणी काढली. एक लाख वीस हजार जमले. जमल्याबरोबर ग्रुपवर टूम निघाली की नव्वद हजारांचा हायस्पीड कॅमेरा घेऊ आणि उरलेल्यात दुर्बीण बसवू. येत्या रविवारी मतदान आहे. मी विरोधात आहे. का, ते इथे लिहितोय, कारण ग्रुपवर चार ओळींच्या पुढे कोणी वाचत नाही.

आधी कबुली देतो. ज्या सेन्सरसाठी मंडळी हट्टाला पेटलीत तो उत्तम आहे. सोनीचा आयएमएक्स ४३२. ९ मायक्रॉनचे दणदणीत पिक्सेल, १६०८ × ११०४ चं चित्र, सेकंदाला सुमारे १२० फ्रेम्स. शिवाय ग्लोबल शटर, म्हणजे अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपली जाते. साध्या सेन्सरवर ओळीमागून ओळ वाचली जाते, आणि तेवढ्यात हवा हलली की सूर्याची कड वाकडी येते. आमच्यातल्या एकाने हा कॅमेरा स्वतःसाठी घेतलाय. त्याने तो दोन दिवस मला दिला, हा त्याचा मोठेपणा.

आता वेग कशाला लागतो? सूर्याला घाई नसते, घाई हवेला असते. हवेच्या थरांतून येताना चित्र सतत थरथरतं आणि मधूनच काही मिलिसेकंद निवळतं. म्हणून हजारो फ्रेम्स घ्यायच्या, सॉफ्टवेअरने त्यातल्या बऱ्या पाच टक्के निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. दोन मिनिटांत १२० च्या वेगाने १४,४०० फ्रेम्स मिळतात, माझ्या जुन्या ३५ वाल्या कॅमेऱ्याने ४,२००. कागदावर सामना इथेच संपतो. ग्रुपचं मतही इथेच संपतं.

मी दोन्ही कॅमेरे एकाच दुर्बिणीला लावले. ८० मिलिमीटर भिंग, ९०० मिलिमीटर नाभीय अंतर, पुढे सोलर फिल्म. (फिल्म कायम पुढच्या भिंगावर, आणि शोधक दुर्बीण झाकलेली. यात चूक झाली तर डोळा जातो. इथे गंमत नाही.)

पहिला दणका लॅपटॉपने दिला. एक फ्रेम १.७८ एमबीची, १२० ने गुणा, झाले सेकंदाला २१३ एमबी. माझी बाहेरची हार्ड डिस्क शंभरच्या आसपास लिहिते. बफर भरला आणि वेग आला पंचावन्नवर. आपण ऑफिसात रोज एकमेकांना सांगतो की सिस्टीम तिच्या सगळ्यात मंद भागाइतकीच वेगवान असते. स्वतःच्या पैशाने खरेदी करताना बरं विसरतो! एसएसडी घ्या म्हणाल. घेतो. पण मिनिटाला जवळजवळ १३ जीबी त्या शाळेत कोण साठवणार आणि कोण निवडत बसणार?

दुसरा दणका जास्त बोलका. ९ मायक्रॉनच्या पिक्सेलवर या दुर्बिणीतून आकाशाचा २.०६ सेकंदांचा तुकडा मावतो (हे सेकंद कोनाचे, घड्याळाचे नव्हेत). भिंगाची स्वतःची क्षमता १.४ सेकंदांच्या आसपास. म्हणजे भिंगाने दाखवलेलं हा पिक्सेल गिळून टाकतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा, त्यावर ०.८६ सेकंद येतो. परिणाम? सकाळी आठला, शेताच्या बांधावरून, जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात सूर्याच्या पृष्ठभागावर पुसट रवा दिसत होता. नव्या कॅमेऱ्यात सूर्य गुळगुळीत. संपूर्ण बिंब मात्र त्यात एका फ्रेममध्ये बसलं आणि छान दिसलं, हेही सांगायला हवं.

"मग तिप्पट बार्लो लाव की." लावली. पिक्सेल ०.६९ वर आला आणि नवा कॅमेरा जिंकला, निर्विवाद. पण किती वेळ? नऊ-साडेनऊपर्यंत. मग जमीन तापली आणि चित्र उकळायला लागलं. त्याआधी गच्चीवर तर आठलाच उकळत होतं, कारण शेजारी टिनाचं छप्पर आहे. गच्चीवरून बांधावर गेल्याने जो फरक पडला तो नव्वद हजारांनी पडला नाही. त्याचा खर्च, स्कूटरचं पेट्रोल. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर उगाच नाही बांधलेली. भोवती पाणी असलं की जमिनीची झळ कमी.

बांधावर शेताचे मालक काका बराच वेळ शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, सूर्य त रोजच येते इथं. तुमी काहून वर्षातून दोनदाच येता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पुलगावचाच एक किस्सा ऐका. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून शिरली आणि जेऊरवरून आपल्या भागावरून गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर. (हीलियमवाला तोच. पण १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी तो विजयदुर्गावर नव्हता, इंग्लंडात होता. फॉरवर्ड करण्याआधी ध्यानात घ्या.) जेऊरला पुण्याचे कावसजी नायगमवाला. आणि खुद्द पुलगावात न्यूअल आणि कॅप्टन हिल्स वर्णपटाची यंत्रं मांडून बसलेले. नदीपलीकडे तळणीला, म्हणजे बडनेऱ्याकडे जाताना पुलगावनंतरचं स्टेशन, ब्रिटिश हौशी खगोलमंडळाचा तळ होता.

त्या तळावर होती अ‍ॅनी माँडर. ग्रीनिचच्या वेधशाळेत गणनाचं काम करायची. १८९५ मध्ये लग्न झालं म्हणून नोकरी सोडावी लागली. तिच्याकडे दीड इंची भिंगाचा छोटा कॅमेरा होता. दीड इंच! माझ्या ८० मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी. पण तिने आधी ठरवलं होतं की प्रभामंडळाच्या लांबवर गेलेल्या फिकट शलाका टिपायच्या, आणि भिंग त्याच हिशोबाने रुंद क्षेत्राचं निवडलं होतं. जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखात तिने टिपलेली शलाका तोवर फोटोत आलेली सगळ्यात लांब ठरली, सुमारे ६० लाख मैल. त्याच तळावर जॉन एव्हरशेड होता, खासगी कंपनीत नोकरी करणारा हौशी माणूस. पुढे तो १९०७ मध्ये कोडाईकॅनालला आला आणि १९०९ मध्ये सौरडागातल्या वायूचं बाहेर वाहणं शोधलं. आज पुस्तकात त्याला एव्हरशेड परिणाम म्हणतात.

आधी प्रश्न, मग भिंग. आपण नेमकं उलट करतो. आधी डबा मागवतो आणि मग यात काय बघू म्हणून जालावर विचारतो.

कोणी म्हणेल, हे जुनं झालं, आता आदित्य-एल१ आहे, २०२३ मध्ये गेलंय, त्यावर पुण्याच्या आयुकाची 'सूट' दुर्बीण आहे, मग पोरांच्या खटाटोपाचा उपयोग काय? बरोबर. पण हा प्रश्न नव्वद हजारांच्या कॅमेऱ्यालाही लागू पडतो की! तोही यानाच्या स्पर्धेत उतरत नाही. शाळेला स्पर्धा नको, सवय हवी. कोडाईकॅनालचा साठा मोलाचा आहे तो १९०४ पासून रोज सूर्याचा फोटो घेतल्यामुळे. दिवसाला एक चित्र. सेकंदाला एकशे वीस नव्हे.

आणि रोजचं काम सातवीच्या पोरीला जमतं. डागांचे गट मोजा, दहाने गुणा, त्यात सुटे डाग मिळवा. ३ गट आणि ११ डाग, उत्तर ४१. हाच तो वुल्फ अंक. ब्रसेल्सला जगभरच्या निरीक्षकांकडून असे आकडे जातात आणि त्यात हौशी मंडळी भरपूर आहेत. २०२४ मध्ये सौरचक्राचा कळस झाला, आता उतार सुरू आहे. आज सातवीत असलेली पोरगी दहावीत जाईपर्यंत स्वतःच्या वहीत हा उतार स्वतः बघेल. हे तिला कुठला सेन्सर देणार?

माझा प्रस्ताव असा: ८० मिलिमीटरची दुर्बीण, भक्कम स्टँड, फिल्म, छोट्या पिक्सेलचा साधा कॅमेरा, जुना लॅपटॉप, एक जाड रजिस्टर. साठ हजारांत बसतं. उरलेले साठ शाळेच्या नावे ठेवू. फिल्मला भोकं पडली की ती त्याच दिवशी बदलायला हवी, आणि तेव्हा आपण नऊ जण मीटिंगमध्ये असू. दोन वर्षांनी रजिस्टर भरलेलं दिसलं तर हायस्पीड कॅमेरा मी एकटा घेऊन देईन. हे लेखी समजा.

नाहीतर नव्वद हजारांचा तो डबा मुख्याध्यापकांच्या कपाटात जाईल, कुलूप लागेल आणि किल्ली ग्रहणाच्या दिवशी निघेल. असं कपाट मी माझ्या शाळेत पाहिलंय. तुम्हीही पाहिलंय.

रविवारी हात वर करण्याआधी एवढं आठवा.