उंचीचा हव्यास सोडा

अकोट-अंजनगाव भागातल्या हौशी ड्रोनवाल्यांचे व्हिडिओ मी आवडीने पाहतो. बहुतेकांत एक गोष्ट सारखी असते: उड्डाण झालं की ड्रोन थेट वर, जाईल तितकं वर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत मुभा आहे. ती रोज पुरेपूर वापरलीच पाहिजे असं थोडंच आहे? आपल्या सपाट मुलखात फोटो बिघडतो तो या उंचीनेच, आणि डोंगराकडे गेलं की ड्रोन गमावतात तेही उंचीचा हिशेब चुकल्यानेच, असं माझं ठाम मत आहे.

मराठी माणसाला आकाशातून महाराष्ट्र दाखवला तो हेलिकॉप्टरमधल्या कॅमेऱ्यांनी. गोपाळ बोधे यांनी किनारे आणि दीपगृहं टिपली. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० सालच्या पुस्तकात गडकिल्ले वरून दिसले. ती मोठी कामं आहेत, पण कपाशीच्या वावरावर वीस मीटरवर येऊन थांबणं हेलिकॉप्टरला जमत नाही. खालचं सगळं पीक उडून लोळेल. बाभळीच्या शेंड्यापासून हेलिकॉप्टरपर्यंतचा हा मधला पट्टा आजवर कोणी नीट पाहिलेलाच नव्हता. तो आता तुमच्या हातात आला आहे, आणि तुम्ही तो दहा सेकंदांत ओलांडून वर निघून जाता!

पंचवीस-तीस मीटरवर थांबून पाहा. कपाशीतल्या तुरीच्या ओळी वेगळ्या ओळखू येतात. धुरा, विहीर, संत्र्याच्या बागेतली आळी, कामावर वाकलेली माणसं, सगळं दिसतं. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास गाठा. तिरप्या उन्हात प्रत्येक सरीला स्वतःची सावली पडते आणि सपाट जमिनीला खोली येते. दुपारी ती सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होते, मग कितीही महागडा कॅमेरा असो. बोंडं फुटलेली असतील तर एक्स्पोजर थोडं खाली ठेवा आणि फोटो रॉ मध्ये घ्या. पांढरा कापूस एकदा जळाला की त्यातला तपशील परत आणता येत नाही.

खाली उडवताना जमीन भरभर सरकते, म्हणून वेग निम्म्याहून कमी हवा. व्हिडिओ २५ फ्रेमचा असेल तर शटर १/५० धरा. आपल्या उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर लागतोच. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, नाहीतर एकाच शॉटमध्ये काळी माती निळी होते.

आता नरनाळा. महाकाली दरवाज्यावरचा १४८७ चा शिलालेख, तटबंदी, तलाव... मोह होणारच. पण हा किल्ला अभयारण्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे ड्रोन नेऊच नये. घिरट्यांच्या आवाजाने बिथरलेल्या प्राण्यापेक्षा कुठलाही व्हिडिओ मोठा नाही.

जंगलाबाहेरच्या टेकड्यांवरही एक धोका आहेच. ड्रोन उंची मोजतं ती उड्डाणाच्या जागेपासून. पायथ्याशी उभं राहून ‘रिटर्न टू होम’ची उंची ४० मीटर ठेवली आणि मधली सोंड ७० मीटरची निघाली, तर सिग्नल तुटताच ड्रोन परतीच्या सरळ रेषेत कड्याकडेच निघतं. ज्यांना अडथळा ओळखणारे सेन्सर नाहीत ती तिथेच संपतात. वाटेतला सर्वांत उंच भाग पाहून त्यावर वीसेक मीटर वाढवा, पण १२० ची मर्यादा विसरू नका. तेवढ्यात बसत नसेल तर उड्डाणाची जागा बदला. होम पॉइंट नोंदला गेल्याशिवाय जमीन सोडू नका. घराच्या स्लॅबवरून उडवलं की आतल्या सळ्यांनी कंपास भरकटतो. कंपासची सूचना आली तर तिथेच कॅलिब्रेशन करत बसू नका, मोकळ्या मातीवर जा.

आपला उन्हाळा हा वेगळाच प्रश्न. पारा ४५ च्या पुढे जातो आणि बहुतेक छोट्या ड्रोनची मर्यादा ४० अंशांची असते. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर ड्रोन पेटीतच राहू द्या. बॅटरी तापलेल्या गाडीत ठेवू नका, उडवून आल्यावर गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, आणि फुगलेली दिसली तर किंमत न पाहता बाद करा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे उरलेल्या चार्जवर परत येताना वारा पाठीशी असेल.

खालून उडवायचं म्हटलं की तारांचा धोका वाढतो, हे मान्य. कृषिपंपांच्या तारा वावरावावरांतून गेल्या आहेत आणि बारीक तार सेन्सरलाही दिसत नाही. म्हणून कास्तकाराला विचारून आधी वावराभोवती एक चक्कर पायी मारा आणि खांब मोजा. तार नजरेतून सुटते, खांब सुटत नाही. दोन खांबांमधून कधीही जाऊ नका.