आण्याचा हिशेब चोख, दहा पैशांचा कच्चा



यावेळी विषय अगदी साधा. पायथन किंवा जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. टीममध्ये नवीन आलेलं पोरगं हे बघून "बग सापडला!" म्हणत धावत येतं. बग वगैरे काही नाही, पण का नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी आपली रोजची दशमान पद्धत बघू. एकाला तीनने भागलं की ०.३३३... ही शेपूट संपत नाही. कारण दहाचे मूळ अवयव दोनच, २ आणि ५. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्यावर छेदात हेच दोन असतील तर भागाकार कुठेतरी थांबतो, नाहीतर चालूच राहतो. कॉम्प्युटरचा पाया दहा नाही, दोन. तिथे छेदात फक्त २ चालतो. एकदशांशच्या छेदात ५ बसलाय, म्हणून द्विमान पद्धतीत तो ०.०००११००११००११... असा न संपणारा होतो. जागा तर मोजकीच. नेहमीच्या 'डबल' प्रकारात ५३ सार्थ बिट मिळतात, तिथे जवळची संख्या धरून शेपूट तोडावी लागते. म्हणजे आपण ०.१ लिहितो तेव्हा आत ०.१००००००००००००००००५५५... असं काहीतरी बसलेलं असतं.

गंमत अशी की आपल्या आजोबांचा हिशेब कॉम्प्युटरला जास्त मानवला असता! १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. म्हणजे पैसा हा रुपयाचा चौसष्टावा भाग, आणि चौसष्ट म्हणजे दोनाचा सहावा घात. चवली, पावली, अधेली सगळं बिनचूक बसतं. पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे पाढेही तसेच. पाव, अर्धा, दीड, साडेतीन, सगळ्यांचे छेद दोनाच्या घरातले. फक्त पाई, म्हणजे पैशाचा तिसरा हिस्सा, तेवढी अडली असती. आता नवे पैसे घ्या. एक पैशापासून नव्याण्णव पैशांपर्यंतच्या ९९ रकमा रुपयांत लिहिल्या, तर त्यातल्या फक्त तीन तंतोतंत साठवता येतात: २५, ५० आणि ७५ पैसे. उरलेल्या ९६ अंदाजे!

कोणी म्हणेल, सतराव्या घरातल्या चुकीने काय आभाळ कोसळतं? एकदा कोसळलंय. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. आखाती युद्धात तिथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि सेकंद काढायला त्या आकड्याला ०.१ ने गुणायचं. हा ०.१ चोवीस बिटांत कापून ठेवलेला होता. दर ठोक्याला चूक फक्त ०.०००००००९५ सेकंदाची. पण यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. शंभर तासांचे ३६ लाख ठोके. करा गुणाकार: ०.३४ सेकंद. स्कड क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला सुमारे १६७६ मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त फरक. यंत्रणेने आकाशात भलत्याच जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही. स्कड बराकीवर पडलं आणि २८ अमेरिकन सैनिक गेले.

जास्त चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. दोष आधीच माहीत झाला होता. 'फार वेळ चालू ठेवू नका' असा निरोपही गेला होता, पण 'फार वेळ' म्हणजे किती तास ते त्यात नव्हतं. मधे एकदा बंद करून चालू केली असती तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या कोडवर कोणाचा जीव अवलंबून नसेल, पण पगार, बिलं आणि घरी पाठवायचे पैसे असतात. १.००५ ला दोन स्थळांपर्यंत राऊंड करा. शाळेत १.०१ शिकवलं, 'डबल' देतो १.००, कारण आत १.००४९९९... बसलेलं असतं. तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. पैसे कधीच 'डबल'मध्ये ठेवू नका. सगळ्यात लहान नाण्यात पूर्णांक ठेवा, किंवा डेटाबेसचा डेसिमल प्रकार आणि जावातला बिगडेसिमल वापरा.

२. 'सगळीकडे दोनच दशांश स्थळं' असं गृहीत धरू नका. कुवेत आणि बहारीनचा दिनार, ओमानचा रियाल यांचे हजार भाग होतात, आणि जपानी येनला दशांश लागतच नाही.

३. दोन 'डबल' संख्या एकमेकींबरोबर तंतोतंत समान आहेत का, असं विचारू नका. फरक किती चालेल ते आधी ठरवा, आणि ते आकड्यात लिहून ठेवा. नुसतं 'थोडा फरक चालेल' लिहिलं की पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, 'फार वेळ'सारखंच.

तुमच्या क्षेत्रात अशा शेपट्यांनी कुठे घोळ घातला असेल तर जरूर लिहा. बँकिंगवाल्यांकडे तर खजिनाच असणार.