दोन-तीन मिनिटांत कसला डॉक्टर ओळखता येतो?

नीटचा निकाल लागला की पालक क्लासवाल्यांच्या हातात पुन्हा एकदा सापडतात. परीक्षा संपलेली असते, पण भीती संपलेली नसते. यंदा बर्डीवर एका क्लासच्या दारात 'मेडिकल इंटरव्ह्यूची तयारी, पंधरा दिवसांत' असा फलक लागला होता. ओळखीतल्या एका बापाने तिथली फी ऐकून मला फोन केला. मुलीला चांगले गुण आहेत, पण ती चारचौघांत बोलत नाही. मुलाखतीत तिला पाडतील का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी त्याला सांगितलं की नागपूरच्या मेडिकलला मुलाखत नाही. मेयोला नाही, मिहानच्या एम्सला नाही, सरकारी डेंटलला नाही, हिंगण्याच्या खाजगी कॉलेजांनाही नाही. ७२० गुणांची एक परीक्षा, तिच्यावरची रँक, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, बस. त्या फीच्या पैशांत मुलीचे कागद पूर्ण करून घे. डोमिसाइल आहे का? ओबीसीत असाल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेयर हातात आहे का? आपल्या वस्त्यांमधल्या मुलांची जागा न बोलल्यामुळे जात नाही, वैधता प्रमाणपत्र वेळेवर न आल्यामुळे जाते.

एकच ठळक अपवाद आपल्या राज्यात आहे, पुण्याचं एएफएमसी. तिथे नीटच्या गुणांवर मुलं बोलावतात आणि मग इंग्रजी व तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. मुलींसाठी जागा मोजक्याच असतात. शिकून झाल्यावर सैन्यदलाची सेवा बंधनकारक आहे. एमसीसीच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना एएफएमसीचा पर्याय निवडला तरच पुढचं दार उघडतं. आपल्याकडची किती मुलं तो पर्याय न वाचताच पुढे जातात! 'फौज आपल्यासाठी नाही' असं घरात कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं. हे ठरवायचा हक्क घरातल्या कुणाला नाही, एवढं मी स्पष्ट म्हणेन.

मुलाखत नाही याबद्दल सुशिक्षित वर्गात एक हळहळ ऐकू येते. डॉक्टर म्हणजे नुसतं पाठांतर का, माणूसपण कुठे तपासता, वगैरे. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या काळात मुलाखती होत्या, त्या काळात काय तपासलं जात होतं हे न्यायालयाच्या निकालांत वाचायला मिळतं. तामिळनाडूच्या मेडिकल प्रवेशात मुलाखतीला ७५ गुण होते. १९७० साली पेरियाकरुप्पन खटल्यात ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. त्यानंतरचा अजय हसिया खटला मला जास्त बोलका वाटतो. तो श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, पण रोग तोच. लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५०. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि तीत विचारलं काय, तर वडील काय करतात, राहता कुठे, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. १९८० साली न्या. भगवतींच्या निकालाने मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानीचं ठरवलं, आणि मुलाखत टेपवर ध्वनिमुद्रित करावी अशी सूचनाही केली.

वडील काय करतात, राहता कुठे. मोमिनपुऱ्यातल्या, हसनबागेतल्या मुलाला या दोन प्रश्नांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भाड्याची खोली शोधताना तो ते ऐकतच आलेला असतो. नाव आणि पत्ता ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदललं, हे कुठल्याही गुणपत्रिकेत लिहिलेलं नसतं. ओएमआर शीट तपासणाऱ्या यंत्राला आडनाव वाचता येत नाही. नीटवर माझे दहा आक्षेप आहेत. क्लासचा खर्च, गावाकडची शाळा, २०२४ ची पेपरफुटी, सगळे. तरी या एका गुणासाठी मी तिच्या बाजूने उभा राहीन.

दुसरी बाजूही आहे, ती वेल्लोरची. तिथलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज स्वतःच्या पद्धतीने मुलं निवडायचं. निवड अनेक दिवस चालायची, दोन-तीन मिनिटांत उरकायची नाही. नीट सक्तीची झाल्यावर २०१७ साली त्यांनी निषेध म्हणून एमबीबीएसच्या १०० जागांपैकी एकच भरली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू असल्याचं सांगितलं. एका अल्पसंख्याक संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला हक्क असा जातो, याचं मला वाईट वाटतं. पण वेल्लोर एक असतं. तिची पद्धत सगळ्यांच्या हातात दिली असती, तर खाजगी कॉलेजांच्या केबिनमध्ये मुलाखतीच्या नावाखाली काय विकलं गेलं असतं, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने यावर एक तोड काढली. एकाच मोठ्या मुलाखतीऐवजी बऱ्याच छोट्या मुलाखती, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, ठरावीक मिनिटं, ठरावीक प्रसंग. एकाची नजर वाकडी असली तरी बाकीचे सावरून घेतात. परदेशातल्या आपल्या नातेवाइकांची मुलं हल्ली याचीच तयारी करतात. वीस-बावीस लाख परीक्षार्थींच्या देशात ते कसं जमवायचं, कुणास ठाऊक.

मग डॉक्टरला बोलता यायला नको का? हवंच. पण ते दारावर तपासण्याऐवजी आत शिकवावं. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. तो कॉलेजांनी सहीपुरता उरकू नये, हा आग्रह धरायला हवा. बोलणं शिकवता येतं. बापाचा पत्ता बदलून देता येत नाही.

आणि आपली मुलं मुकी आहेत हे मला मान्यच नाही. घरात उर्दू, शाळेत मराठी, रस्त्यावर नागपुरी हिंदी, हे त्यांचं रोजचं आहे. मोमिनपुऱ्याजवळच असलेल्या मेयोच्या ओपीडीत सकाळी जाऊन बसा. भंडाऱ्याची म्हातारी झाडीबोलीत पोट कसं दुखतं ते सांगते, बालाघाटचा मजूर हिंदीत, आणि समोरचा शिकाऊ डॉक्टर इंग्रजी शब्द शोधत राहतो. ज्या मुलीला 'बोलत नाही' म्हणून बर्डीवर नेलं होतं, ती घरी आजीला साखरेची कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, ते रोज समजावते. आजी ऐकत नाही, मग ती दुसऱ्या शब्दांत सांगते, मग तिसऱ्या.