भिंतीवरची साक्ष आणि मुलांचा एक अवघड प्रश्न



इतिहास म्हटलं की आपल्या मुलांसमोर सनावळ्या उभ्या राहतात. पाठ करा, पेपरात लिहा, विसरून जा. माझं मत असं आहे की सन पाठ करून घेण्याआधी मुलांना एखादी भिंत वाचायला शिकवावी. त्यासाठी उदाहरण म्हणून इंग्लंडमधल्या एका गावचं चर्च घेऊ या.

हर्टफर्डशायर परगण्यात ॲशवेल नावाचं गाव आहे. तिथलं सेंट मेरी चर्च मुख्यतः १४व्या शतकातलं. हे पॅरिश चर्च आहे. म्हणजे बिशपचं मोठं कॅथेड्रल नव्हे, तर गावकऱ्यांचं रोजच्या वापरातलं चर्च. त्याचा मनोरा मात्र १७६ फूट उंच! अशा चर्चचे दोन मुख्य भाग असतात. वेदीकडचा भाग म्हणजे चान्सेल आणि लोक जमतात तो भाग म्हणजे नेव्ह. मध्ययुगातल्या रिवाजाप्रमाणे चान्सेलची डागडुजी धर्मगुरूने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. छत गळलं तर खर्च कोणाचा, हे आधीच ठरलेलं होतं.

चर्चसाठी वापरलेला दगड क्लंच नावाचा, खडूच्या जातीचा आणि मऊ. पावसापाण्याने तो झिजतो, हा त्याचा तोटा. पण टोकदार वस्तूने त्यावर सहज कोरता येतं. मनोऱ्याच्या आत, उत्तरेकडच्या भिंतीवर, कुणीतरी लॅटिन भाषेत काही ओळी कोरून ठेवल्या आहेत.

१३४८ मध्ये प्लेगची महाभयंकर साथ इंग्लंडमध्ये पोहोचली. अभ्यासकांच्या अंदाजानुसार दोनेक वर्षांत देशातली एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली. पाठ्यपुस्तकात हे एका वाक्यात संपतं. भिंतीवरचा माणूस मात्र सांगतो की साथ क्रूर होती, आणि जे उरले ते अगदी हलाखीत, साक्ष देण्यापुरते उरले. सनही त्याने कोड्यासारखा दिला आहे. रोमन अंकांतला हजार, तीन वेळा शंभर, पाच वेळा दहा. बेरीज करा, १३५० येते. गणिताच्या तासालाही चालेल असं उदाहरण!

पुढे तो सेंट मॉरसच्या दिवशी आलेल्या वादळाची नोंद करतो आणि सन देतो १३६१. आज इतिहासकार हे वादळ १५ जानेवारी १३६२ चं मानतात. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी जुन्याच वर्षात धरला जाई. आणि वादळ खरंच झालं का? त्याच वर्षी नॉरिच कॅथेड्रलचा लाकडी कळस वाऱ्याने कोसळला. एका पुराव्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार कसा मिळतो, हे मुलांना याहून सोप्या रीतीने कसं सांगणार?

आता अवघड प्रश्न. वर्गातला एखादा चौकस मुलगा नक्की विचारेल, "सर, मग किल्ल्याच्या भिंतीवर नाव लिहिलं की तुम्ही आम्हाला का रागावता?"

हा प्रश्न उडवून लावू नका. "तो काळ वेगळा होता" हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. त्या काळी चर्चच्या भिंतींवर कोरणं सर्रास चालायचं. इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चमध्ये अशा खुणा आहेत. गावातल्या साध्या माणसाच्या हाती कागद नव्हता आणि चर्मपत्र महाग होतं. आपल्या मुलांकडे वही आहे. शिवाय ॲशवेलच्या त्या ओळींत लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव दिलेलं नाही. सगळ्यांवर काय गुदरलं, ते सांगितलं. किल्ल्यावर आपण नाव खरडतो तेव्हा जुना चुना, पाथरवटाच्या खुणा, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी साक्ष पुसतो.

तरीही मला वाटतं, नुसती मनाई पुरेशी नाही. "इथे लिहू नका" असं सांगणाऱ्याने "मग इथे लिहा" हेही सांगायला हवं. २०२० ची साथ आपण सगळ्यांनी भोगली. शाळा बंद, घरात माणूस आजारी, एका मोबाईलवर तीन भावंडांचा अभ्यास. किती शाळांनी मुलांकडून हे लिहून घेतलं? आज सहावी-सातवीत असलेल्या मुलांच्या आठवणी आत्ताच पुसट झाल्या आहेत.

म्हणून एक विनंती. शिक्षकहो, शाळेत एक जाड वही ठेवा. पालकहो, मुलांना त्या दिवसांबद्दल आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारू द्या. प्रत्येकाने चार ओळी लिहाव्यात. तारीख, ठिकाण, काय घडलं, कोण सांगतंय. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. वही भरली की शाळेच्या कपाटात जपून ठेवा, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला तीच इतिहासाच्या तासाला वाचायला द्या.