रोपाचे घड्याळ आणि काजव्याचा दिवा

लाजाळूची पाने रात्री मिटतात व सकाळी उघडतात. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने असेच एक रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही पानांचा क्रम चालूच राहिला. रोपाच्या ठायी काही घड्याळ असावे, असा तर्क त्यातून पुढे आला. त्याची यंत्रणा मात्र अडीचशे वर्षांनंतरही अज्ञातच होती.

अडचण पाहण्याच्या रीतीत होती. कोणते जनुक केव्हा जागे होते, हे जाणण्यासाठी रोप कुटून त्याचा अर्क तपासावा लागे. एक नोंद मिळे आणि रोप संपे. रोजमेळाचे एक पान वाचण्यासाठी सबंध वहीच जाळावी, तसा हा प्रकार होता.

मार्ग काजव्यामुळे सापडला. काजव्याच्या अंगी ल्युसिफरेज नावाचे विकर असते. ल्युसिफेरिन हे द्रव्य, प्राणवायू आणि पेशीतील ऊर्जा लाभली की त्यातून प्रकाश उमटतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या विकराचे जनुक तंबाखूच्या रोपात घातले आणि ल्युसिफेरिन मिळताच ते रोप प्रकाशले.

पुढे अँड्र्यू मिलर, स्टीव्ह के व सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस हे चिमुकले रोप निवडले. सूर्यप्रकाश ग्रहण करण्यास साहाय्यभूत होणाऱ्या एका जनुकाची कळ, म्हणजे त्याला जागे करणारा भाग, त्यांनी काजव्याच्या जनुकाला जोडली. मूळ जनुक जागे होण्याच्या वेळी रोपही उजळू लागले. हा उजेड इतका क्षीण, की तो टिपण्यास अतिसंवेदनशील कॅमेराच हवा. शिवाय काम केलेले विकर लवकर निकामी होते. त्यामुळे सकाळचा उजेड सायंकाळच्या नोंदीत मिसळत नाही. तेच रोप दिवसेंदिवस वाढत राहते आणि आपला हिशेब स्वतःच मांडते.

हजारो रोपे अशी न्याहाळताना काहींचा ताल निराळा आढळला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातील एका रोपाचे दिवसाचे चक्र सुमारे २१ तासांत पुरे होत होते. त्याच्यातील बिघडलेले जनुक, टॉक-१, घड्याळाचा महत्त्वाचा भाग ठरले.

रोपासाठी ही बाब किरकोळ नाही. आतले घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळलेली रोपे अधिक हरितद्रव्य बाळगतात व जोमाने वाढतात, असे केंब्रिज येथील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. पिकांच्या वाढीचे व फुलोऱ्याचे गणित याच घड्याळाशी निगडित आहे.

जिवंताचे मर्म जाणण्यासाठी त्याला जिवंत राहू द्यावे लागते, हे प्रयोगशाळेला काजव्याच्या इवल्या दिव्यामुळे साधले.