पाण्याची वांटणी आणि शेजारधर्म

आपल्या अंबड-सातपूरच्या बाजूचें पाणी नासर्डीच्या वाटेनें टाकळीजवळ गोदावरीस मिळतें. गोदावरी पुढें पैठणास जाते आणि तेथें १९७६ सालीं पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरांत सांठते. छत्रपती संभाजीनगरचे लोक तेंच पाणी पितात. दुष्काळ पडला कीं नाशिककर व मराठवाडेकर यांच्यांत वाद माजतो. परंतु तो बहुधा एकाच प्रश्नाचा : पाणी किती सोडावें? तें कसें असावें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. गोदावरीकांठच्या राज्यांचा तंटा मिटविण्यासाठीं १९६९ सालीं नेमलेल्या लवादानें १९८० सालीं जो निवाडा दिला, त्यांतही मुख्य विचार किती पाणी घ्यावें याचाच होता.

या बाबतींत अमेरिका व कॅनडा यांचा अनुभव मननीय आहे. एका देशानें दुसऱ्याच्या आरोग्यास वा मालमत्तेस अपाय होईल असें सीमेवरील पाणी दूषित करूं नये, असें त्यांच्या १९०९ सालच्या तहांत स्पष्ट लिहिलें होतें. तरीही इरी सरोवर पुढें शेवाळानें माखलें. दूषित म्हणजे किती, याचें मापच ठरलें नव्हतें, हें त्याचें एक मोठें कारण. १९७२ सालच्या करारानें तें माप दिलें : इरी व ऑन्टारिओ सरोवरांस मिळणाऱ्या मोठ्या शहरांच्या सांडपाण्यांत दर लिटरास एक मिलिग्रॅमहून अधिक फॉस्फरस नसावा. सरोवर पुष्कळ सुधारलें. शेतांतून वाहून येणाऱ्या खतास मात्र अशी वेसण घालणें अवघड गेलें, आणि शेवाळ पुन्हा माजलें. २०१४ सालीं टोलेडो शहरास आपल्या नळाचें पाणी कांहीं दिवस पितां आलें नाहीं.

कोणी म्हणेल, मापें आपणांकडेही आहेत. खरें आहे. स्नानयोग्य पाण्यांत विरघळलेला प्राणवायु दर लिटरास निदान ५ मिलिग्रॅम असावा, असा दंडक आहे. परंतु ज्या मापाविषयीं खालच्या गांवास जाब विचारतां येत नाहीं, तें असून नसून सारखेंच. आमचें मत असें कीं, जिल्ह्याच्या सीमेवर खालच्या गांवांच्या प्रतिनिधींसमक्ष दरमहा पाणी तपासावें, त्याचा हिशेब जाहीर व्हावा, आणि मर्यादा ओलांडल्यास शुद्धीकरणाचा खर्च वरच्यांनीं सोसावा. यानें कारखानदारांवर व नगरपालिकांवर भार पडेल, हें खरें. पण आज तोच भार खालचीं माणसें मुकाट्यानें वाहत आहेत.

विद्यार्थीमित्रांनो, शेजारधर्म घराच्या कुंपणापाशीं संपत नाहीं. आपण मोरींत जें ओततों, तें पुढें कोणाच्या तरी हंड्यांत जावयाचें आहे, हें स्मरून वागावें.