परवाना-राज संपलं, पण कुणाचं?

24 जुलै 1991 रोजी दिल्ली सरकारने नवं औद्योगिक धोरण जाहीर केलं. 1951 च्या कायद्याप्रमाणे कारखाना काढायला, वाढवायला जो परवाना लागत होता, तो 18 उद्योग सोडले तर तेव्हा कुणालाच लागेनासा झाला. दहा लाखांवर वस्तीची शहरं सोडून कारखाना कुठे टाकायचा, हेही दिल्लीला विचारायचं काम राहिलं नाही. पेपरात मोठ्या अक्षरात छापून आलं की परवाना-राज संपलं.

आम्ही विचारतो, कुणाचं संपलं?

जुन्या परवान्यांचं आम्हाला काही कौतुक नाही. मोठ्या घराण्यांनीच परवाने मिळवले आणि दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून अडवून ठेवले, हे सरकारच्याच दत्त समितीने 1969 साली सांगितलं होतं. पण सातपुड्यात काय चाललंय ते बघा. स्वतःच्या शेतातला साग तोडायचा तर परवानगी. तोडलेलं लाकूड हलवायचं तर पास. बाप-आजापासून कसतोय त्या फारेस्टच्या प्लॉटवर नांगर धरला तर नाकेदार दारात उभा राहायचा. मालकाचा परवाना एका दिवसात सुटला. तेव्हा आपला एकही सुटला नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट मजुरीच्या तंट्याची आहे. अक्राणी-अक्कलकुव्यापासून यावल-रावेरच्या पाड्यांपर्यंतची आपली माणसं दिवाळीनंतर खाली उतरतात. कुणी वरणगाव-भुसावळकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, कुणी जिनिंगमध्ये, कुणी ठेकेदारामार्फत बांधकामावर. मुकादम उचल देतो आणि शेवटी हिशेब तोच सांगतो. एखाद्याने हिशेब मागितला, की दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

मग कायदा काय म्हणत होता? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामावरून काढलेल्या एकट्या मजुराचाही तंटा धरला जात होता. पण 2010 पर्यंत तो मजूर सरळ कोर्टात जाऊ शकत नव्हता. आधी समेट अधिकाऱ्याकडे जायचं. समेट फसला तर तो सरकारला अहवाल द्यायचा, आणि प्रकरण कोर्टाकडे पाठवायचं की नाही हे सरकार ठरवायचं. म्हणजे मालकाला कारखाना काढायला परवाना नको होता, पण मजुराला कोर्टाची पायरी चढायला सरकारचा परवाना पाहिजे होता! तेवढ्यात हंगाम संपायचा, भट्टी विझायची, मुकादम दुसऱ्या गावाला जायचा.

महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. मालकाने अनुचित प्रथा केली, तर 90 दिवसांच्या आत सरळ कोर्टात तक्रार करता येते. वर्षानुवर्षं माणसाला बदली किंवा हंगामी ठेवून कायम होऊ द्यायचं नाही, ही त्या कायद्यात अनुचित प्रथाच धरली आहे. पण वरणगावच्या आयुध कारखान्यासारखं काम केंद्र सरकारच्या हाताखाली येतं. तिथल्या ठेकेदाराच्या मजुराला हे दार नाही. त्याला दिल्लीच्या कामगार खात्याकडेच जावं लागतं.

आता आपल्या घरातली गोष्ट. जमिनीच्या लढाईत आपण काय शिकलो? सातबाऱ्यावर नाव नाही तर कसणारा चोर ठरतो. मजुरीतही तेच. नोटीस आणि भरपाई मागायची तर वर्षात 240 दिवस भरल्याचा पुरावा लागतो. हजेरीबुक मालकाकडे, त्यात नाव कुणाचं आणि अंगठा कुणाचा, देव जाणे. जिनिंगचा हंगामच एवढा लांबत नाही, तर 240 भरणार कुठून? म्हणून हंगामी मजुराने 240 च्या मागे लागण्यापेक्षा किमान वेतनाचा दावा आधी धरावा. 1948 च्या कायद्याप्रमाणे कमी दिलेली मजुरी सहा महिन्यांच्या आत मागता येत होती, आणि वर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला होता. जिथे 20 किंवा जास्त मजूर ठेकेदाराकडे होते, तिथे 1970 चा ठेका मजूर कायदा लागत होता. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची आहे. मुकादम पळाला म्हणून मालक सुटत नाही.

तेव्हा कारखानदार म्हणत होते की परवाना सुटला तसं माणूस काढायचं बंधनही सुटावं. 100 किंवा जास्त कामगार असले तर कामगार काढायला, कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत होती, ती त्यांना नको होती. उद्या हेच लोक म्हणतील, आदिवासीची जमीन घ्यायला कलेक्टरची परवानगी कशाला? 1974 साली झगडून मिळवलेलं ते कलम त्यांना आजच खुपतंय. कारखाना कुठेही टाकायची मोकळीक झाली, तर त्यांना स्वस्त जमीन आणि मुका मजूर दोन्ही पाहिजे. ते दोन्ही आपल्याच पाड्यात मिळतील असं ते धरून चालले आहेत.

म्हणून सगळे परवाने वाईट, असं आपण म्हणू नये. परवाना कुणाचा हात बांधतोय ते बघावं. बळकटाचा हात बांधणारा परवाना राहिला पाहिजे. गरिबाचा हात बांधणारा गेला पाहिजे.

आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक मजुराला हजेरीकार्ड मिळावं आणि ते त्याच्याच हातात राहावं. आदिवासीच्या जमिनीला बिगरशेतीची परवानगी देण्याआधी पाड्याची सभा घ्यावी.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर खाली उतरताना प्रत्येक टोळीने एक वही सोबत घ्यावी. मालकाचं नाव, मुकादमाचं नाव, उचल किती, रोज कोण कामावर आलं, किती हजार विटा पाडल्या, हातात किती पैसे पडले, हे रोज संध्याकाळी लिहावं. टोळीत एक तरी शिकलेला पोऱ्या किंवा पोरगी असतेच, तिला हे काम द्यावं. होळीला वर याल तेव्हा वह्या संघटनेकडे आणा. मुदत कुणासाठी थांबत नाही.

जमिनीसाठी आपण कागद वाचायला शिकलो. आता मजुरीसाठी कागद लिहायला शिकू.